एका कवडीचा नातू

पवनी तालुका, धरणाच्या पुनर्वसनातलं गाव
९ डिसेंबर २०२४

निर्मलाबाई विहीणबाईंना मंदाबाईचा रामराम.

आजकाल कुणी पत्र लिहीत नाही हे मला ठाऊक आहे. पण परवा विनोदने माझ्या हातातून फोन काढून घेतला, तेव्हा तो काय बोलला ते तुम्हीही ऐकलंच असेल. "आई, तुमी दोघी एकाच वेळी बोलता आन् दोघींलेही काही ऐकू येत नाही. जे बोलाचं ते लिहून पाठवा. कागदावर एका वेळी एकीलेच बोलता येते." पोटचा मुलगा आईला असं बोलतो! तरी त्याचं खोटं नाही. त्या फोनवर मी विचारलं बाळाच्या डोळ्यांचं आणि तुम्ही सांगितलं टाक्यांचं. मी रात्रभर समजत राहिले की बाळाच्याच डोळ्याला टाके पडले.

तर आता शांतपणे लिहा. कामिनीचे पोटाचे टाके सुकले का? बाळाची तपासणी कधी? सातव्या महिन्यात इथे पवनीला तिचं रक्त तपासलं तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, तिच्या रक्तात एका बारीक किड्याची खूण आहे, टॉक्सो का काय म्हणतात. नवा असेल तर पोटातल्या बाळालाही गेला असेल, आणि बाळाचे डोळे, डोकं बिघडवू शकतो. जुना असेल तर भीती नाही. नवा की जुना ते तेव्हा कळलं नाही, बाळ झाल्यावर त्याचंच रक्त तपासा म्हणाल्या. माझा जीव तेव्हापासून टांगलेला आहे. पहिलं बाळ आठव्या दिवशी गेलं, ते तुम्हीही विसरला नाहीत, मीही नाही. हा नातू आम्हाला धडधाकट हवा आहे, बस.

आणि बारसं का केलं नाही अजून? इथे बायका विचारून विचारून डोकं खातात.

मंदाबाई


बपेरा
१८ डिसेंबर २०२४

मंदाबाई विहीणबाईंना निर्मलाचा नमस्कार.

पत्र मिळालं. तुमचं अक्षर बघून शाळेतल्या बाईंची आठवण आली, भीतीही वाटली.

कामिनीचे टाके अजून ओले आहेत. एका बाजूने पू येतो, रोज पट्टी बदलतो. म्हणून तिला गाडीत बसवून नेता आलं नाही. पण बाळाची तपासणी थांबवली नाही, सोमवारी भंडाऱ्याला जाऊन आलो. लहान मुलांचे डॉक्टर आहेत, तरुण आहेत, पण विचारपूस फार करतात. बाळाचं रक्त घेतलं. एवढ्याशा मनगटातून काढताना मला बघवलं नाही. मग ते म्हणाले, आईचंही रक्त लागेल, दोघांचं जोडीने बघावं लागतं. तेही दिलं. हूं की चूं केलं नाही, सरळ हात पुढे केला. डोळ्यांत औषध टाकून डोळेही बघितले. ते स्वच्छ आहेत म्हणाले. डोक्याची सोनोग्राफीही चांगली आहे.

हा रोग कशाने होतो ते मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, मांजराच्या विष्ठेतून, तशा मातीतून, कच्च्या राहिलेल्या मटणातून. मांजर आमच्याकडे नाही हो. तुमच्याकडे धानाच्या कोठीजवळ एक असते, एवढंच आठवलं. बाकी काही नाही.

बारशाचं जरा थांबू. घाई कशाला?

तुमची,
निर्मला


पुनर्वसन
२६ डिसेंबर २०२४

निर्मलाबाईंना रामराम.

मांजर आमच्याकडे आहे आणि राहील. ती नसती तर अर्धं धान उंदरांनी खाल्लं असतं आणि तुमच्या मुलीला इथे भात मिळाला नसता. शिवाय मांजर आठ वर्षांची आहे, कामिनी इथे येऊन चार वर्षं झाली. आधी तुमच्या गावात किती मांजरं होती ते मी मोजायला आले नव्हते. आमचे हे, म्हणजे तुमचे कवडू व्याही, दोरी वळता वळता म्हणाले, "मांजरीले कायले नाव ठेवता? तिनं का पोरीले बोलावलं होतं?" तेव्हा मांजरीचा विषय बंद.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला एक कळलं नाही. कामिनी गाडीत बसण्याजोगी नव्हती असं वर लिहिता, आणि खाली लिहिता की आईचं रक्त दिलं. मग ती गेली की नाही गेली? की डॉक्टरांनी माणूस बपेऱ्याला पाठवला? आणि सुई टोचताना ती हूं की चूं करत नाही हे ऐकून मला आनंदही झाला आणि नवलही वाटलं. पवनीला साखर तपासायला तिला नेलं तेव्हा सुई बघूनच ती माझ्या अंगावर कोसळली होती. तिचं बाटलीभर सरबत मी प्याले, कारण माझीच गाळण उडाली होती. आई झाल्यावर माणूस धीट होतं म्हणतात, तसं असेल.

आणखी एक. रोग आईचा असेल तर दूध पाजावं का? इथली एक बाई म्हणाली बंद करा, शेळीचं पाजा. मला काही सुचत नाही. डॉक्टरांना विचारा.

मंदाबाई


बपेरा
६ जानेवारी २०२५

मंदाबाई विहीणबाईंना,

दुधाचं विचारलं. आईचं दूध खुशाल पाजा, त्यातून हा रोग जात नाही, शेळीचं कच्चं दूध मात्र घरात आणूही नका म्हणाले. त्यांनी हे ठासून सांगितलं.

रिपोर्ट आला. कसं लिहू ते कळत नाही, कारण मलाच कळलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, रक्तात रोगाशी लढणाऱ्या खुणा असतात, दोन जातींच्या. एक जात आईच्या रक्तातून नाळेवाटे बाळात येते. ती उसनी असते, महिन्या-महिन्याने विरत जाते. दुसरी बाळाची स्वतःची, ती आईकडून येत नाही. आपल्या बाळात दुसरी सापडली नाही. पहिली सापडली, आणि भरपूर.

मी म्हटलं, मग चांगलंच झालं ना, आईची आहे, विरून जाईल.

डॉक्टर म्हणाले, "आजी, तेच तर कळत नाही. बाळाच्या आईच्या रक्तात काहीच नाही. एक खूणही नाही. आईकडे नाही तर बाळाला उसनी दिली कोणी?"

पुन्हा एकदा रक्त घेतलं, प्रयोगशाळा बदलली. पुन्हा तेच. मग त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "राग मानू नका, पण हे बाळ दत्तक आहे का?" असा राग आला मला! बाळाच्या आईने तिथल्या तिथे सांगितलं, "मीच माय आहो. माह्याच मांडीवर हाय, दिसत नाही का?"

शेवटी ते म्हणाले, आईचं नसेल तर बाळाचं स्वतःचंच धरावं लागेल. डोळे आज स्वच्छ आहेत, पण हा रोग महिन्यांनी, वर्षांनीही डोळ्यांत उतरतो. डोळे गेल्यावर औषध देऊन उपयोग नाही. म्हणून औषध सुरू केलं आहे, वर्षभर द्यायचं. कडक आहे. दर आठवड्याला रक्त तपासायचं.

विहीणबाई, मला काही सुचत नाही. देवाजवळ बसते आणि उठते.

निर्मला


पुनर्वसन
१४ जानेवारी २०२५

निर्मलाबाईंना तिळगूळ, आणि त्याबरोबर चार प्रश्न.

सातव्या महिन्यात कामिनीच्या रक्तात खूण होती. तो कागद माझ्या समोर आहे. आता तुम्ही म्हणता तिच्या रक्तात काहीच नाही. खूण गेली कुठे? मी पवनीच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं. त्या म्हणाल्या, एकदा आलेली खूण जन्मभर जात नाही, गोवराचा डाग जाईल पण ही जाणार नाही. मग आमचा रिपोर्ट खोटा की तुमचा? आणि आमचा खोटा असेल तर बाळात ती आली कशी? मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघते आणि मला वाटतं दोन वेगळ्या बायकांचे कागद आहेत.

आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "मले काय विचारतेस? मी का डॉक्टर हाव?" आणि पुन्हा दोरी वळत बसले. घरात कुणाशी बोलावं!

बाळाला औषध चालू केलं हे वाचलं आणि मी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. लागतच असेल तर द्यायलाच हवं, डोळ्यांपेक्षा मोठं काय आहे. पण लागत नसेल तर? दीड महिन्याचं लेकरू ते. मी येते. संक्रांत झाली की कपडे पिशवीत भरते. कामिनीला सांगा, सासू येत आहे म्हणून घाबरू नकोस.

मंदाबाई


बपेरा
२४ जानेवारी २०२५

मंदाबाई,

येऊ नका. हात जोडून सांगते, आत्ता येऊ नका.

तुम्ही वाईट वाटून घ्याल हे माहीत आहे. नातू तुमचा आहे, घर तुमचं आहे, तरी सांगते. बाळ वर्षाचं होईपर्यंत थोडं दमानं घ्या. कारण विचारू नका.

औषधाने त्याला उलट्या होतात. चेहरा पांढरा पडला आहे. परवाच्या तपासणीत रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या, डॉक्टरांनी औषध चार दिवस थांबवून पुन्हा सुरू करायला सांगितलं. कामिनी जेवत नाही. "माह्यामुळं झालं, आई, माह्यामुळंच झालं," एवढंच म्हणत राहते. मी तिला काय सांगू? तिच्यामुळे नाही, रिपोर्टमध्ये तसंच आहे, असं म्हणायला जाते आणि मध्येच उठून चुलीकडे जाते.

रविवारी विनोदराव येत आहेत ते बरं. त्यांना बघून कामिनीला बरं वाटेल.

निर्मला


पुनर्वसन
२ फेब्रुवारी २०२५

निर्मलाबाई,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. विनोदच्या हाती देते आहे, तो गाडीला किल्ली लावून दारात उभा आहे. तुम्ही वाचल्याशिवाय तो तिथून हलणार नाही. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर मी ओरडले असते आणि तुम्ही ठेवून दिला असता.

विनोद रविवारी तुमच्याकडून आला तो डोकं धरूनच बसला. "आई, तिथं काहीतरी होऊन राहिलं, मले समजून नाही राहिलं." म्हणाला, शेजारची राखी बाळाला घेऊन ओट्यावर बसली होती. त्याने हात पुढे केले, म्हटलं आण माझं पोरगं. तर ती म्हणाली, "तुमचं नाही, माहं हाय." सगळ्या बायका हसल्या, पण कुणाचंच हसू बरोबर नव्हतं. आणि कामिनीने त्याला दूध पाजून परत राखीच्या मांडीवर ठेवलं, आणि म्हणाली, "घे बाई, तुहं बाळ." स्वतःच्या बाळाला!

मी म्हटलं, हे काय वेड? तेव्हा आमचे हे कोपऱ्यातून बोलले. दोरी खाली ठेवली आणि म्हणाले, "विकला वाटते पोराले."

विहीणबाई, तुम्ही माझ्या नवऱ्याचं नाव कधी नीट ऐकलं आहे का? कवडू. त्यांच्या आधीचे दोन भाऊ पाळण्यातच गेले. हे जन्मले तेव्हा सासूबाईंनी यांना सुपात घालून मागच्या दाराने शेजारणीला दिलं आणि तिच्याकडून एक कवडी घेतली. म्हणजे यम दारात आला तरी त्याने बघावं, या घरात मूलच नाही, आहे ते शेजारच्यांचं. पाच वर्षांनी परत विकत घेतलं. माझ्या लग्नानंतरही दर दिवाळीला यांनी दोन लुगडी आणली, एक जन्म दिलेल्या आईला, एक विकत घेणाऱ्या आईला. ती दुसरी गेली तेव्हा डोकं यांनीच भादरलं. मी चाळीस वर्षं एका विकलेल्या माणसाबरोबर संसार करते आहे, आणि तुम्ही मला घाबरलात?

रागावले मी. खोटं कशाला सांगू. नातू आमचा, विकताना एक शब्द विचारायचा होता. मीच सूप पाठवलं असतं. पण तो राग नंतर.

आता नीट वाचा. भंडाऱ्याला बाळाला मांडीवर घेऊन कोण गेलं होतं? राखी. डॉक्टरांनी आईचं रक्त मागितलं तेव्हा हात कोणी पुढे केला? सुई बघून न पडणारी ती धीट बाई कोण? डॉक्टर दोनदा राखीचं रक्त तपासून विचारत बसले, या आईकडे नाही ते बाळात आलं कुठून! आणि त्या गोंधळापायी माझा नातू कडक औषध पितो आहे.

तुम्हाला कशाची भीती वाटली ते मला कळतं. खरी आई कोण हे तोंडातून गेलं तर सौदा मोडेल आणि याचंही पहिल्यासारखं होईल. मीसुद्धा तशीच घाबरले असते. पण यांच्या बाबतीत सगळ्या गावाला ठाऊक होतं, हे कुणाच्या पोटचे ते. शाळेत नाव लिहिलं ते खऱ्या बापाचं. साठीच्या पुढे गेले, तब्येत माझ्यापेक्षा बरी आहे. फसवायचं होतं ते यमाला. डॉक्टरला फसवायचं कुठे ठरलं होतं?

कामिनीला गाडीत घाला. विनोद तेवढ्यासाठीच आला आहे. राखीलाही न्या.

मंदाबाई


बपेरा
१० फेब्रुवारी २०२५

मंदाबाई,

तुमचं पत्र वाचून मी ओट्यावरच बसले. विनोदराव म्हणाले, "आई, आता तरी सांगा." मग सांगितलं.

पाचव्या दिवशी एका कवडीला विकला मी त्याला. राखीची गुंजन तेव्हा सात महिन्यांची होती, घरात लेकरू खेळतं, तिचा हात चांगला, म्हणून तिलाच. तेव्हापासून कामिनी त्याला पाजते ती राखीची दाई म्हणून. तिने कुणासमोर 'माझा' म्हणायचं नाही, असं मीच ठरवलं. भंडाऱ्याला डॉक्टरांनी "आई कोण?" विचारलं तेव्हा राखी ठरल्याप्रमाणे "मी" म्हणाली. मग रक्त मागितलं. तिने माझ्याकडे बघितलं, मी खाली बघितलं, आणि तिने हात पुढे केला. पुढे एका खोट्याला सांभाळायला दुसरं. बाळ औषधाने ओकायचं तेव्हा वाटायचं सांगावं. मग पहिल्या बाळाचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि तोंड मिटायचं. कामिनीला तर राखीचं रक्त घेतलं हेच मी सांगितलं नव्हतं. तिला एवढंच माहीत, बाळाचा रिपोर्ट खराब. ती रात्रंदिवस स्वतःला दोष देत होती आणि मी बघत होते. मला माफ करू नका इतक्यात.

दुसऱ्या दिवशी सगळे गेलो. डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "बाळाची आई?"

राखीने दोन्ही हात पदराखाली घेतले. नर्स सुई घेऊन उभी होती. कामिनी भिंतीला धरून होती, चेहरा पांढराफटक. मला वाटलं आता पडणार. ती पुढे आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "मी. मी याची माय. हा माहा हाय." इतक्या मोठ्याने म्हणाली की बाहेर बसलेल्या बायका आत डोकावल्या. सुई टोचली, तिने डोळे मिटले नाहीत. बाळाकडेच बघत होती. पडली नाही हो मंदाबाई. पडले विनोदराव. त्यांना बाकावर आडवं करावं लागलं.

मग डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते फार रागावले. "महिनाभर मी पुस्तकं उलटीपालटी करतोय, नागपूरला फोन करतोय. आणि तुम्ही..." मी मान खाली घालून ऐकलं. ऐकायलाच हवं होतं.

काल रिपोर्ट आला. कामिनीच्या रक्तात खूण आहे. बाळात आहे त्याच जातीची, जवळपास तेवढीच. डॉक्टर म्हणाले, म्हणजे बाळातली तिचीच असणार. बाळाची स्वतःची जात नाही, डोळे स्वच्छ, डोकं स्वच्छ. औषध बंद केलं. पण शपथेवर आज सांगत नाही म्हणाले. आईचं उसनं असेल तर आकडा उतरत उतरत वर्षाच्या आत शून्य होईल. रोग बाळाचा स्वतःचा असेल तर आकडा तिथेच थांबेल किंवा चढेल. तोवर वाट बघायची.

राखीला त्यांनी वेगळं बसवून सांगितलं, तुझ्या रक्तात काहीच नाही, म्हणजे हा रोग तुला कधी झालेलाच नाही, तर पुढच्या वेळी दिवस गेले की मांजर, माती, कच्चं मटण यांपासून जप. तिने विचारलं, "मंग माहं रक्त दोन दोन वेळा फुकटच गेलं का?" डॉक्टरांना तेव्हा कुठे हसू आलं.

सौदा तसाच आहे. मोडला नाही. वर्षाने परत घेऊ, तुमच्यासमोर.

निर्मला


पुनर्वसन
२८ एप्रिल २०२५

निर्मलाबाई,

विनोद सांगतो बाळाचा आकडा निम्म्याहून खाली आला, आणि तुम्ही आळीत पेढे वाटले. तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना? तुम्हीच लिहिलं होतं की त्या खुणा रोगाशी लढणाऱ्या असतात. लढणारेच कमी झाले तर लेकरू लढणार कशाने? मी इथे देवाला नारळ बोलून बसले आहे की आकडा चढू दे.

ताबडतोब लिहा.

मंदाबाई


बपेरा
५ मे २०२५

मंदाबाई,

नारळ परत घ्या! लगेच घ्या! उतरायलाच हवा आहे.

ते लढणारे आईचे आहेत, पाहुणे. पाहुणे निघून गेले म्हणजे घरात चोर नव्हता असं समजायचं. चोर असता तर बाळाने स्वतःचे उभे केले असते. डॉक्टरांनी मला तीनदा समजावलं तेव्हा हे कळलं, आणि तरी रात्री पुन्हा गोंधळ होतो. तुम्हाला दोष देत नाही.

बाळ पालथं पडतं. पेढे तुमच्या वाटचे डब्यात ठेवले आहेत.

निर्मला


पुनर्वसन
१३ मे २०२५

निर्मलाबाई,

नारळ परत घेतला. पुजारी म्हणाला असं कधी कुणी केलं नाही. मी म्हटलं, नातूही असा कुणाचा नाही. आता उलट बोलले आहे, आकडा उतरू दे. देवाचाही गोंधळ उडाला असेल.

आमचे हे आजकाल दोरी वळत नाहीत. कॅलेंडरसमोर उभे राहतात.

मंदाबाई


बपेरा
४ डिसेंबर २०२५

मंदाबाई,

तुम्ही गुडघ्यामुळे येऊ शकला नाहीत, पण व्याही आले, म्हणून मनाला बरं वाटलं. ते परवा निघतील. तोंडाने ते काही सांगणार नाहीत हे मला आता कळलं आहे, म्हणून मीच सगळं लिहून त्यांच्या पिशवीत ठेवते.

सोमवारी शेवटची तपासणी होती. बाळाचे डोळे पुन्हा बघितले, स्वच्छ. काल रिपोर्ट घ्यायला आम्ही सगळेच गेलो, राखीसुद्धा. डॉक्टरांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि म्हणाले, "काही नाही. शून्य. या बाळाला हा रोग कधी झालाच नव्हता."

मला वाटलं होतं मी देवाचं नाव घेईन. मी नुसतीच बसून राहिले. विनोदरावांनी डॉक्टरांचा हात धरला तो सोडेनात. कामिनी मात्र रडायला लागली, आणि ते रडणं आनंदाचं वाटेना. डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? ती म्हणाली, "सगळं उतरलं म्हन्ता. म्हंजे माहं त्याच्यात आता काहीच नाही उरलं?" डॉक्टर पुन्हा कागदाकडे बघू लागले. उत्तर आमच्या व्याह्यांनी दिलं. ते म्हणाले, "नाक पाह्य ना त्याचं, पोरी. तुहंच हाय."

आज सकाळी परत घ्यायचं ठरलं होतं. सूप सारवून ठेवलं, अंगणात पाट मांडला. वर्षभर मी ती कवडी देव्हाऱ्यात जपली होती, ती व्याह्यांच्या हातात दिली. त्यांनी ती फार वेळ तळहातावर धरून ठेवली. त्यांच्या मनात काय आलं असेल ते तुम्हाला कळेल. मग त्यांनी ती राखीपुढे धरली आणि म्हणाले, "घे बाई तुही कवडी, दे आमचं लेकरू."

राखी बाळाला घट्ट धरून उभी होती. हात पुढे करेना. मी म्हटलं, राखी, दे गं. तेव्हा ती म्हणाली, "काल डॉक्टर का म्हन्ले, ऐकलं ना तुमी? त्याच्या रक्तात काहीच नाही. माह्याबी रक्तात काहीच नाही. दोन दोन डाव तपासलं होतं. आता त्याचा कागद माह्यासारखाच झाला. मंग कोन म्हन्ते मी याची माय नाही?"

आम्ही हसलो. ती हसत नव्हती. डोळे भरून आले होते तिचे. कामिनीच शेवटी उठली. तिने राखीचे हात बाळासकट धरले आणि म्हणाली, "कोनी नाही म्हनत."

मग राखीने कवडी घेतली आणि बाळ दिलं.

पुढच्या महिन्यात कामिनी आणि बाळ तुमच्याकडे येतील. बारसं तुमच्या घरीच करा, नाव तुम्हीच ठेवा. आणि दिवाळीला तो मोठा झाल्यावर लुगडी किती आणायची, ते त्याला आजोबांनीच सांगावं.

तुमची,
निर्मला